मंडळाचा संगणक आणि त्याच्या कामाचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आज मला येथे उभे केले आहे ते काही माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माहेरच्या गावी शाळाच सातवीपर्यंत होती, पुढची शाळा दोन कोसांवर, आणि मुलीला एकटी धाडावयाची कशी, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरी कोणाला सापडले नाही. तेव्हा मजकडून शास्त्राची अपेक्षा करू नका. गेल्या उन्हाळ्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ साली, आपल्या मंडळाच्या संगणकाचे जे प्रकरण झाले, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावे अशी चिटणीसबाईंची इच्छा आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगेन.

हा संगणक आपल्याकडे कसा आला ते बहुतेकींना ठाऊक आहेच. एका सभासदाच्या मुलाने नवा घेतला आणि जुना मंडळाला दिला. माझे घर मंडळाच्या खोलीला लागून, म्हणून किल्ली मजकडे आली, आणि किल्लीबरोबर कामही आले. बचत गटांच्या वह्या त्यावर उतरवायच्या, महिनाअखेर हिशेबाचे कागद काढून बँकेत द्यायचे, आणि कोणी अर्ज भरावयास आली तर भरून द्यायचा. माऊस धरताना पहिल्या महिन्यात माझा हात असा कापे की बाण पडद्याच्या बाहेरच पळे. वर्षभरात बसले कसेबसे.

त्या वर्षी चैत्र उलटला आणि संगणक रखडू लागला. एक आकडा टाकावा आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत चुलीवरची भाकरी करपून जावी, असा प्रकार. दुपारी तर बाण जागचा हलत नसे. मृग जवळ आलेला. गटांचे कागद वेळेवर बँकेत गेले तर बियाण्यासाठी कर्ज मिळणार, आणि गेले नाहीत तर सावकाराचा उंबरा आहेच. पेरणी काही कोणाची वाट पाहत नाही.

दुरुस्तीवाल्या एका गृहस्थांना बोलावले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले, "यंत्र म्हातारे झाले, नवे घ्या. अठ्ठावीस हजारांत बसेल." मंडळाच्या खात्यावर तेव्हा एकतीस हजार होते, आणि ते कशासाठी ठेवले होते हे येथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. मिरची-हळद कांडण्याचे यंत्र घेऊन ते आपल्यापैकी दोन निराधार भगिनींच्या हाती द्यायचे, म्हणून तीन वर्षे पै-पै करून ते साठवले होते. सभा बसली. ठराव जवळजवळ झालाच होता. कोपऱ्यात एक कुजबुजही माझ्या कानी आली, "सातवी शिकलेल्या बाईच्या हाती दिल्यावर दुसरे काय होणार?" मी कोणावर रागावले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरे आहे.

त्याच आठवड्यात माझी थोरली लेक माहेरपणाला आली. तिचा संगणकाचा एम.एस.-सी.आय.टी. हा वर्ग झालेला आहे. आपल्या राज्यात हा वर्ग २००१ सालापासून चालतो. मी तिला गाऱ्हाणे सांगितले. ती म्हणाली, "आई, ताप मोजल्यावाचून औषध देतात का? आधी माप घेऊ."

तिने कळफलकावरची कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली. एक लहानशी खिडकी उघडली. तिचे नाव टास्क मॅनेजर. आपण त्याला कामांवरचा मुकादम म्हणू. हा मुकादम विकत आणावा लागत नाही, विंडोजच्या संगणकात तो असतोच. अमेरिकेतल्या डेव्ह प्लमर नावाच्या गृहस्थांनी तो लिहिला आणि १९९६ साली तो विंडोज एन.टी. ४.० बरोबर लोकांच्या हाती आला. तीस वर्षे जी वस्तू घरात पडून आहे तिच्याकडे आपण पाहिलेच नव्हते. ती खिडकी सर्वांच्या वर राहावी अशी सोय तिच्याच यादीत आहे. ती सोय करून मुलीने ती लहान केली आणि पडद्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

आता ती कशी वाचावी ते सांगते.

संगणकात प्रोसेसर नावाचा एक भाग असतो. सीपीयू म्हणतात तो हाच. त्याला आपण जाते समजू. बाकीचे भाग म्हणजे धान्याची कोठी, सूप, परडी. कोठीत कितीही धान्य असो, पीठ पडायचे ते जात्यातूनच. मुकादम दर सेकंदाला पाहतो की हे जाते किती वेळ फिरत होते आणि किती वेळ थांबून होते, आणि तो हिशेब शंभरात मांडून दाखवतो. १० आकडा आला तर शंभरातला दहावा हिस्साच काम झाले, बाकी विसावा. १०० आला तर जात्याला क्षणाचीही उसंत नाही, आणि नवी पाटी घेऊन आलेलीला उभे राहावे लागणार. संगणक रखडतो म्हणजे पुष्कळदा हेच होत असते.

अलीकडच्या प्रोसेसरमध्ये एकाहून अधिक जाती असतात. त्यांना कोअर म्हणतात. आपल्या यंत्रात दोन आहेत. येथे एक खोच आहे. एखादा कार्यक्रम एकाच जात्याला बिलगून बसला आणि दुसरे रिकामे राहिले, तर आकडा ५० दिसतो. आपण म्हणावे, अर्धी ताकद शिल्लक आहे. परंतु त्या एका जात्यापाशी जी बसली आहे तिचे मात्र पुरे भरले आहे. चार जाती असतील तर हाच प्रकार २५ वर दिसेल. म्हणून आकडा लहान आहे एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

खिडकीत कार्यक्रमांची यादी असते आणि वर सीपीयू असे शीर्षक असते. त्या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत जास्त दळणारा वर येतो. कोण जाते अडवून बसले आहे, हे असे नावानिशी कळते.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. डिटेल्स म्हणून एक पान आहे, तेथे 'सिस्टीम आयडल प्रोसेस' असे नाव आणि पुढे मोठा आकडा. मी ओरडलेच, "सापडला चोर!" मुलगी हसून लोटपोट झाली. ते कोणा कार्यक्रमाचे नावच नव्हे. जाते किती रिकामे आहे त्याचा तो आकडा. तेथे ९४ असला तर काम सहाचेच. तो आकडा मोठा असणे हे सुलक्षण आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे पाहील तेव्हा माझ्यासारखी घाबरू नये, म्हणून सांगितले.

मुलगी चार दिवसांनी सासरी गेली. जाताना म्हणाली, "आई, दुधाच्या रतिबाची वही ठेवतेस ना, तशी याचीही ठेव." मी पंधरा दिवस वही ठेवली. सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सहा. वेळ, आकडा, आणि यादीत वर कोणाचे नाव. नाव इंग्रजीत, मला ते चित्र काढल्यासारखे उतरवून घ्यावे लागे.

माझी चूक घडली ती याच पंधरवड्यात. कार्यक्रमाच्या नावावर टिचकी मारून 'एन्ड टास्क' म्हटले की तो जागच्या जागी बंद होतो. हे शिकल्यावर माझ्या अंगात मुकादम संचारला. एका दुपारी आकडा १०० झाला, यादीत वर होता तो आपला हिशेबाचाच कार्यक्रम, आणि मी तावातावाने त्याला बंद केले. सकाळपासून भरलेले दोन गटांचे हिशेब जतन केलेले नव्हते. गेले सगळे. दोन गट, म्हणजे वीस जणींच्या घामाचे आकडे. वह्या होत्या म्हणून बरे. रात्री बारापर्यंत बसून मी ते पुन्हा भरले आणि घरच्यांना सांगितले की डोके दुखते म्हणून जागी आहे. आज प्रथमच खरे सांगते आहे. तेव्हा नियम असा की आधी जतन करावे, मग पाहावे, आणि जे नाव ओळखीचे नाही त्याला हात लावू नये. विंडोजचे स्वतःचे नोकर आणि विषाणूंचा राखणदारही त्या यादीत असतात. ते मध्येच जोरात दळू लागतात, आपले काम उरकतात आणि गप्प होतात. त्यांना हुसकून लावणे म्हणजे राखणदार पाणी पितो म्हणून त्याला घालवून देणे.

पंधरा दिवसांनी वही मुलीला फोनवर वाचून दाखवली, आणि तीन गोष्टी निघाल्या.

पहिली ही की काहीही उघडलेले नसताना आकडा ५० च्या खाली येत नव्हता. वर नेहमी एकच अनोळखी नाव. कोणीतरी फुकटची गाणी उतरवून घ्यावयास एक कार्यक्रम बसवला होता. गाणी कधीच ऐकून झाली, परंतु तो मात्र संगणक सुरू झाला की आपोआप जागा होऊन एक जाते अडवून बसे. पाहुणा निघून जावा आणि त्याचा बैल आपल्या गोठ्यात चरत राहावा, तशातली गत.

दुसरी, दुपारी बाराच्या सुमारास राखणदाराची तपासणी चाले. तपासणी हवीच, परंतु आम्ही हिशेबाला बसतो नेमक्या त्याच वेळी ती नको.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परफॉर्मन्स म्हणून जे पान आहे तेथे आलेख असतो आणि त्याखाली प्रोसेसरचा वेग लिहिलेला असतो. आपल्या यंत्राचा मूळ वेग २.९० आहे. सकाळी काम करताना तो तितकाच दिसे. दुपारी तीनला मात्र आकडा १०० आणि वेग १.१० च्या आसपास. काम नसताना वेग उतरला तर चिंता नाही, तेव्हा यंत्र वीज वाचवत असते. परंतु काम भरपूर आणि वेग उतरलेला, याचा अर्थ जाते तापले आहे. प्रोसेसर फार तापला की जळून जाऊ नये म्हणून आपणच आपली चाल मंद करतो. आपल्या परभणीकडचा वैशाख, पत्र्याची खोली, खिडकीतून येणारी धूळ, तो तरी काय करील?

मुलीने मला याच ओघात एक माहिती सांगितली, ती मनात राहिली. भारतात घडवलेला टिफ्रॅक नावाचा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झाला. त्यात २७०० निर्वात नळ्या होत्या, दिव्यासारख्या तापणाऱ्या. पुढे १९७१ साली इंटेल कंपनीने एका नखाएवढ्या चकतीवर २३०० ट्रान्झिस्टर बसवून ४००४ नावाचा प्रोसेसर काढला. त्याच कंपनीचा पेंटियम १९९३ साली निघाला, आणि त्यामागे ज्यांचे नाव घेतात ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. पुण्याच्याच सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम हा महासंगणक केला. त्या कामाचे पुढारी डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. संगणक खोलीएवढा असो की नखाएवढा, काम केले की तापणे हा त्याचा धर्म सुटलेला नाही. म्हणून पंखा, आणि म्हणून पंख्याची सफाई.

पुढच्या सभेला मी वही घेऊन आले. आयुष्यात प्रथमच सभेत उभी राहिले. पाय लटपटत होते. मी एवढेच म्हणाले, "बायांनो, यंत्र म्हातारे असेल, परंतु ते आजारी आहे हे आधी पाहू. मला आठ दिवस द्या. नाही सुधारले तर खुशाल नवे आणा, आणि मग माझ्याकडची किल्लीही घ्या." अध्यक्षीणबाईंनी ठराव आठ दिवस तहकूब केला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गाण्यांचा कार्यक्रम काढून टाकला. तपासणीची वेळ मुलीने फोनवरून सांगत सांगत मजकडून बदलून घेतली. मग गावातल्याच एका होतकरू मुलाला बोलावून यंत्र उघडले. वीज बंद करून, तार काढून, मगच उघडले, हे लक्षात ठेवावे. आत पंख्यावर धुळीची अशी गोधडी बसली होती की पाते दिसेना. त्याने ती ब्रशाने हलक्या हाताने काढली आणि प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. एकूण खर्च ३५० रुपये. यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवले आणि खिडकीला ओला पडदा न लावता जाड कापड लावले. पडदा ओला असता तर दमट हवेने दुसराच रोग जडला असता.

दुसऱ्या दिवशीची वही वाचते. सकाळी आठ, ६. दुपारी बारा, ११. दुपारी तीन, हिशेब चालू असताना, ३८, आणि वेग २.९०. चार दिवसांत सर्व गटांचे कागद बँकेत गेले. मृगाआधी कर्जे हाती आली. आणि मिरची कांडण्याचे यंत्र आज कोणाच्या ओसरीवर घरघरते आहे ते तुम्ही रोज ऐकताच.

आणखी एक उपयोग सांगते. एकदा एका योजनेच्या अर्जासाठी वीस-बावीस बाया रोज बुडवून रांगेत बसल्या होत्या. पान उघडता उघडेना. सगळ्यांचे डोळे मजवर. मी कोपऱ्यातला आकडा पाहिला, तर ४. म्हणजे आपले जाते रिकामे, धान्यच येत नाही. अडचण वाटेत होती किंवा पलीकडे होती. मी म्हणाले, "आज बसून उपयोग नाही. कामाला जा, उद्या पहाटे पाचला या, तेव्हा गर्दी नसते." दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत अर्ज भरून झाले. त्या एका आकड्याने बावीस जणींची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपला संगणक खरोखरच जुना आहे. त्यावर जी विंडोज १० आहे, तिची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली आहे. तेव्हा आज ना उद्या नवा घ्यावा लागेल, आणि त्यासाठी आपण महिन्याला वेगळे शंभर रुपये बाजूस टाकू लागलो आहोत. मुकादमाने यंत्राला तारुण्य दिलेले नाही. परंतु कोणत्या कारणासाठी आणि केव्हा खर्च करावयाचा, हे भीतीने न ठरवता पाहून ठरवता आले.

शेवटी थोडे निराळे बोलते. मुलगी परत माहेरी आली तेव्हा तिला मी वही कौतुकाने दाखवली. ती चाळून म्हणाली, "आई, संगणकाचा आकडा ३८ वर आणलास. तुझा स्वतःचा किती?" मला उत्तर देता आले नाही. पहाटे चारला उठावे, पाणी, सडा, भाकरी, शेत, जनावरे, सासूबाईंचे औषध, मंडळाचे काम, आणि रात्री अकराला पाठ टेकावी. आपल्यातल्या कोणीचाही आकडा पाहा, १००. आणि आपण त्याला भूषण समजतो. जाते सदा १०० वर फिरले की ते तापते आणि चाल मंद करते, हे मी डोळ्यांनी पाहिले. आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई, एवढी थोर संत, तिलाही जात्यावर दुसरा हात लागला, आणि तो हात द्यावयास प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग आपण घरातल्या माणसांना हात लावावयास सांगण्यात कमीपणा का मानावा? मी त्या दिवसापासून पाणी भरण्याचे काम घरच्यांकडे दिले. पहिले आठ दिवस ते फुरंगटले, आता बोलत नाहीत.

मंडळापुरती माझी विनंती एवढीच आहे. संगणकाची किल्ली एकटीकडे नको. मी आजारी पडले तर सगळ्याच गटांचे हिशेब अडतील. एका जात्यावर सगळे दळण, तोच दोष. तीन जणींनी तरी पुढे यावे. सातवी पुरते, पाचवीही पुरेल, आकडे वाचता आले म्हणजे झाले. वही मी दाखवीन, चूक कशी होते तेही दाखवीन.

रेणुकामातेच्या कृपेने आपले मंडळ असेच वाढो. 

— मंडळाची एक सभासद, राणीसावरगाव